खानदेश जिल्ह्याच्या चतुःसीमा



आज मी आपल्याशी अशा एका जिल्ह्याविषयी बोलणार आहे, की जो आजच्या कोणत्याही सरकारी नकाशात सापडत नाही. ‘खानदेश जिल्हा’ असे नाव घेऊन आपण एखाद्या कचेरीत गेलो, तर तिथला कारकून लगेच विचारील, “कोणता? जळगाव, धुळे की नंदुरबार?” आणि त्याचे काही चुकले असे नाही. तो एक जिल्हा १९०६ सालीच मोडला. पण नाव मात्र मोडले नाही. मुलगी दिली की आजही आपण म्हणतो, “खानदेशात दिली.” भरीत खानदेशी, कापूस खानदेशी, ऊन तर खानदेशीच! शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कागदावरून पुसलेला जिल्हा माणसांच्या तोंडी टिकून राहतो, याला काही कारण असले पाहिजे. ते कारण भूगोलात आहे, आणि त्याचा आपल्या आजच्या व्यवहाराशीही संबंध आहे.

शेतकरी बंधूंना खरेदीखत नवे नाही. जमीन घेताना नुसता गट नंबर आणि क्षेत्र लिहून भागत नाही. चतुःसीमा लिहाव्या लागतात. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडरस्ता, उत्तरेस गावठाण. आपणही आज या जुन्या जिल्ह्याच्या चतुःसीमा तशाच लिहून पाहू.

आधी मधले क्षेत्र पाहू. मधोमध तापी. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ ती उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. महाराष्ट्रातल्या गोदावरी, भीमा, कृष्णा या मोठ्या नद्या पूर्वेला वाहतात. तापी उलट पश्चिमेला जाते. तिच्या दोन्ही अंगांना पसरलेले जे सपाट, काळ्या मातीचे खोरे, तेच खानदेश. जुन्या मोजणीप्रमाणे पूर्व-पश्चिम लांबी सुमारे १६० मैल, रुंदी ७० ते ९० मैल, आणि १९०१ सालच्या खानेसुमारीच्या वेळचे क्षेत्रफळ १०,०४१ चौरस मैल. त्या वेळची लोकसंख्या होती १४,२७,३८२. एका कलेक्टराने सांभाळायला हा केवढा मुलूख होता, हे आपल्या ध्यानात येईल.

आता उत्तर सीमा. उत्तरेस सातपुडा, असे शाळेत एका वाक्यात शिकवले जाते. ते खरे आहे, पण पुरते नाही. पूर्वेकडे रावेर, यावल, चोपडा या भागांत सीमा सातपुड्याच्या रांगांतून जाते. पश्चिमेकडे मात्र अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके सातपुडा ओलांडून थेट नर्मदेला जाऊन टेकतात. महाराष्ट्राला नर्मदेचा जो सुमारे ५४ किलोमीटरचा काठ लाभला आहे, तो सगळा याच कोपऱ्यातला. तोरणमाळचे पठार आणि अस्तंभ्याचे शिखरही इथेच. म्हणजे या जिल्ह्याच्या पोटात दोन खोरी आहेत: एक मोठे, तापीचे, आणि वायव्येला एक लहानसे, नर्मदेचे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी ३३ गावे आली, ती या लहान कोपऱ्यातली, हे लक्षात ठेवावे. सपाटीवरच्या खानदेशाला या डोंगरी खानदेशाची आठवण एरवी फारशी होत नाही.

दक्षिण सीमा सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांची. चाळीसगावहून कन्नडला जाणारा औट्रम घाट आपण चढलो, की वर पठार लागते आणि आपण गोदावरीच्या खोऱ्याकडे वळतो. घाटाच्या खाली पडलेला पाऊस सुरतेच्या समुद्राला जातो, आणि माथा ओलांडून पुढे पडलेला गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला. डोंगराचा माथा ही निसर्गाने आखलेली खरी शीव. पण राजांनी ती नेहमी पाळली असे नव्हे. सोयगावचा भाग पाहा. तो घाटाच्या खाली, खानदेशाच्या बाजूला आहे. परंतु निजामाच्या राज्यात होता, म्हणून आजही तो छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी ज्या वाघूर नदीच्या वळणावर कोरली आहेत, ती वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यातून वाहत जाऊन तापीला मिळते. लेणी तापीच्या खोऱ्यात, आणि कारभार मराठवाड्यात! कागदावरची रेघ आणि पाण्याची वाट यांची फारकत कशी होते, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही.

पश्चिमेस सह्याद्रीचा उत्तरेकडचा शेवट. साक्रीकडून नवापूरकडे जाताना कोंडाईबारीचा घाट उतरला की हवाच बदलते. धुळे-शिंदखेड्याकडे वीस-पंचवीस इंच पाऊस, तर नवापूरकडे चाळीस इंचांच्या वर. इकडे बाजरी, तिकडे भात. इकडे उघडे माळ, तिकडे जंगल. त्याच्या पलीकडे डांग आणि गायकवाडांचे सोनगड.

राहिली पूर्व सीमा. तिथे डोंगर नाही, दरी नाही. खोरे मोकळेच आहे. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर, मुक्ताईनगरच्या पुढे मलकापूर आणि वऱ्हाड. जिथे निसर्गाने शीव घातली नाही, तिथे माणसांनी ती वेळोवेळी सरकवली. म्हणून खानदेशाच्या इतिहासातली मोठी उलथापालथ या मोकळ्या दाराशी झालेली दिसते.

‘खानदेश’ हे नाव कशावरून पडले, याविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी ते फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबावरून आले असे मानतात, तर कोणी ‘कान्हदेश’ म्हणजे कृष्णाचा देश असे सांगतात. पण फारुकींनी या प्रदेशाला राज्याचे रूप दिले, यात शंका नाही. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलिक राजा याला दिल्लीच्या सुलतानाकडून जहागीर मिळाली आणि तापीकाठचे थाळनेर हे त्याचे ठाणे झाले. त्याच्या मुलाने बऱ्हाणपूर वसवले. पुढे दोन शतके बऱ्हाणपूर ही खानदेशाची राजधानी आणि जवळचा असीरगड हे तिचे कुलूप. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. शाहजादा दानियाल याच्यावरून त्याला ‘दानदेश’ असेही नाव देण्यात आले होते. बादशहाचे ते नाव विरले, लोकांचे टिकले.

आता गंमत पाहा. जी खानदेशाची राजधानी, ते बऱ्हाणपूर आज खानदेशात नाही. मध्य प्रदेशात आहे. १८१८ साली मराठी राज्य गेले, तेव्हा बऱ्हाणपूर शिंद्यांकडे राहिले, आणि १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे आले ते निमाड जिल्ह्याला जोडले गेले. घराचा देव्हारा शेजाऱ्याच्या वाटणीला जावा, तसे झाले.

इंग्रजांनी १८१८ साली खानदेश हा जिल्हा केला, तेव्हा त्यांच्यापुढे नद्या आणि डोंगर नव्हते. होता तो वसूल आणि बंदोबस्त. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत गावे उजाड झालेली, डोंगरात भिल्लांचे बंड पेटलेले, मध्ये मध्ये संस्थानिकांची गावे. पहिला कारभारी कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे ठिकाण निवडले. मुंबई-आग्रा वाट तिथून जाते, हे त्याचे मोठे सोयीचे कारण. १८२५ साली औट्रमने भिल्ल पलटण उभारली. ज्याचे नाव घाटाला आहे, तोच हा औट्रम.

मग या जिल्ह्याची वाटणी सुरू झाली. १८६९ साली नाशिक जिल्हा नवा केला, तेव्हा मालेगाव, बागलाण आणि नांदगाव हे तीन तालुके खानदेशातून काढून नाशिकला जोडले. १९०६ साली उरलेल्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाले: पूर्व खानदेश, ठाणे जळगाव, ४,५४४ चौरस मैल, आणि पश्चिम खानदेश, ठाणे धुळे, ५,४९७ चौरस मैल. क्षेत्र पश्चिमेचे मोठे, पण १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणे पूर्वेकडे ९,५७,७२८ माणसे आणि पश्चिमेकडे ४,६९,६५४. सुपीक काळी जमीन आणि रेल्वे एकीकडे, डोंगर आणि जंगल दुसरीकडे, हे या दोन आकड्यांतच दिसते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. त्या वेळी पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा या चार तालुक्यांतली बरीच गावे गुजरातला देण्यात आली. निझर, कुकरमुंडा ही नावे जुन्या माणसांच्या कानावरची असतील. ती आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात आहेत. तापीवर उकाईचे धरण व्हायचे होते, त्याचाही या वाटणीशी संबंध होता. ते धरण १९७२ साली पुरे झाले. रेघ ओढली गेली, पण सोयरिकी काही रेघ पाहून झालेल्या नव्हत्या. बहीण एका राज्यात, भाऊ दुसऱ्या राज्यात. आठवड्याचा बाजार इकडे, तलाठ्याची कचेरी तिकडे. मुलाने शाळेत कोणती भाषा शिकायची, हेही त्या रेघेने ठरवले. नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर ही रेघ फलाटावरूनच जाते. तिथे एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये येतो. प्रवासी तिथे हौसेने बसतात, हसतात. ज्यांचे शेत असे दोन्हीकडे गेले, त्यांना हसू येत नाही.

त्यानंतर ‘पूर्व खानदेश’, ‘पश्चिम खानदेश’ ही नावे जाऊन जळगाव आणि धुळे अशी जिल्ह्यांची नावे झाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. आज जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६, असे पंचवीस तालुके त्या जुन्या जिल्ह्याच्या जागेवर नांदत आहेत.

कोणी म्हणेल, “गुरुजी, हे झाले ते झाले. जिल्हा लहान झाला, कचेरी जवळ आली. यात वाईट काय?” वाईट काहीच नाही. धडगावच्या माणसाला धुळ्याला खेटे घालावे लागत होते, त्याला नंदुरबार जवळ पडले, हे चांगलेच झाले. जिल्हा ही सोय आहे. सोयीप्रमाणे ती बदलावी. माझे म्हणणे एवढेच, की सोयीच्या रेघेला आपण खरी शीव समजू नये.

शिवा तीन प्रकारच्या आहेत. पहिली गावची शीव. दसऱ्याला आपण जी ओलांडून शिलंगणाला जातो, ती. ही फार जुनी आणि फार चिवट असते. मालेगाव खानदेशातून नाशिकात गेले, पण त्या तालुक्यातल्या गावांच्या शिवेचे दगड काही जागचे हलले नाहीत. दुसरी शीव खोऱ्याची. ती निसर्गाची, हलणे नाहीच. आणि या दोहोंच्या मध्ये तिसरी, तालुका-जिल्ह्याची, ती मात्र दर दोन-तीन पिढ्यांनी सरकते.

पाण्याचा प्रश्न आला की हा भेद लगेच अंगावर येतो. गिरणा नाशिक जिल्ह्यात कळवणच्या डोंगरात उगम पावते आणि मालेगावावरून जळगाव जिल्ह्यात उतरते. गिरणा धरण नांदगाव तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात. पण त्याच्या पाण्याकडे डोळे लावून बसतात चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याचे शेतकरी. नांदगाव १८६९ पूर्वी खानदेशातच होते! म्हणजे धरण आणि शेत ही एकाच जुन्या घरातली भावंडे; आज दोन जिल्ह्यांच्या बैठकांत ती समोरासमोर बसतात. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर आपल्या पूर्वजांनी बंधारे घालून फड पद्धत चालवली. गावाने जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाणी फिरवायचे, आणि टंचाईत सर्वांनी सारखे सोसायचे. पांझरा आज धुळे जिल्ह्यात, मोसम आणि आरम नाशिकात. पण पद्धत एकच. जिल्ह्याची रेघ नंतर आली, पाण्याची शिस्त तिच्या आधीची आहे. तिकडे रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात विहिरींचे पाणी खोल खोल गेले. ते सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा जिरवायचे, तर महाराष्ट्राला आणि मध्य प्रदेशाला एकत्र बसावे लागले. पाऊस पडताना राज्य विचारत नाही.

बोलीचेही तसेच. अहिराणीचे ‘आठे-तठे’ धुळ्यात ऐकू येते, तसेच नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्यात आणि मालेगावातही. उलट रावेर-यावलकडे लेवा बोली, आणि सातपुड्यात भिली, पावरी. कानबाईचा उत्सव आणि आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकी कलेक्टर कचेरीची हद्द पाहत नाहीत. पण पुन्हा एक गंमत सांगतो. १९९० साली जळगावला विद्यापीठ निघाले. बहिणाबाई चौधरींच्या नावाचे हे विद्यापीठ जळगाव, धुळे आणि नंदुरबार याच तीन जिल्ह्यांसाठी आहे. म्हणजे मोडलेला खानदेश जिल्हा विद्येच्या कामासाठी पुन्हा एक झाला. पण तो १८६९ नंतरचा खानदेश. बागलाण, मालेगाव तेव्हा सुटले ते आजही पुणे विद्यापीठाकडेच आहेत. दीडशे वर्षांपूर्वीची रेघ आज मुलाच्या पदवीपत्रावर उमटते, ती अशी.

आता शेवटचा आणि रोजच्या गरजेचा मुद्दा. तो मुख्यतः शिक्षकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी आहे.

अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरला जातो. मग मुलगा किंवा मुलगी आजोबा-पणजोबांच्या नावाचा कागद शोधत फिरते. तो कागद कुठे सापडतो? शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात, गावच्या कोतवाल बुकात, जुन्या फेरफारात. पण त्या कागदावर ‘जिल्हा नंदुरबार’ असे कधीच लिहिलेले नसणार. ‘पश्चिम खानदेश’ असेच असणार. कागद १९०६ पूर्वीचा असेल, तर नुसते ‘खानदेश’. तालुक्यांची नावेही बदललेली आहेत. आजचा साक्री म्हणजे जुना पिंपळनेर. शिंदखेडा म्हणजे विरदेल. जळगाव तालुका म्हणजे नशिराबाद. रावेर-यावल शोधायचे तर सावदा. मुक्ताईनगर म्हणजे एदलाबाद. ही नावे ठाऊक नसली, तर असलेला पुरावाही हाती लागत नाही, आणि फॉर्म भरण्याची मुदत काही थांबत नाही. भूगोलाचा एवढासा धडा एखाद्या घराच्या शिक्षणाच्या आड येऊ शकतो किंवा वाट मोकळी करू शकतो.

म्हणून माझी तीन कामांची विनंती आहे. पहिले, शाळेतली जुनी रजिस्टरे कपाटाच्या तळाशी वाळवीला देऊ नका. त्यांना कोरड्या जागी ठेवा, कापडात बांधा, वर सालाची चिठ्ठी लावा. ती नुसती रद्दी नव्हे. गावाची वंशावळ आहे. दुसरे, आपल्या गावापुरता एक तक्ता भिंतीवर लावा: १८६९ पूर्वी आपला तालुका आणि जिल्हा कोणता, १९०६ नंतर कोणता, १९६० नंतर कोणता, आज कोणता. वरच्या वर्गातली मुले म्हाताऱ्या माणसांना विचारून आणि जुने कागद पाहून तो सहज तयार करतील. इतिहासाचा असा धडा त्यांना पुस्तकात मिळणार नाही. तिसरे, पावसाळ्यात एक दिवस मुलांना गावच्या टेकडीवर न्या आणि विचारा, “इथे पडलेले पाणी कोणत्या ओढ्याला जाते? तो ओढा कोणत्या नदीला मिळतो? आणि ती नदी कुठे?” बहुतेक गावांत उत्तर शेवटी तापीपाशीच येईल. तिथून पुढे सुरत.

एवढे ज्या मुलाला समजले, त्याला खानदेशाच्या चतुःसीमा पाठ कराव्या लागणार नाहीत. उद्या तो तलाठी झाला, सरपंच झाला, पाटबंधाऱ्याच्या बैठकीला बसला, तर समोरच्या जिल्ह्याच्या माणसाला तो परका समजणार नाही. आपण एकाच पाण्याचे आहोत, एवढे त्याला ठाऊक असेल.